सोलता येणारा रबरी लेप आणि पक्का रंग: बडोद्यातील एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या मांजलपूर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने जानेवारी 2025 मध्ये एक वापरलेली पांढरी हॅचबॅक गाडी विकत घेतली. मुलगा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, वडील निवृत्त आहेत आणि गाडी मुलाच्या नावावर आहे. म्हणून पुढे त्याचा उल्लेख 'मालक' असाच केला आहे. कुटुंबाची आणि गाडीची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. जेथे ही गाडी पुढे दुरुस्तीला आली, त्या रंगकामाच्या कार्यशाळेशी माझा सल्लागार म्हणून संबंध असल्याने हे प्रकरण मला जवळून पाहता आले.

खरेदीच्या वेळची एक गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींच्या मुळाशी आहे. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला होता आणि शहराच्या कित्येक भागांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. त्यानंतर बडोद्यात जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आधी एकच गोष्ट तपासू लागला, ती म्हणजे गाडी पुरात सापडली होती का. या कुटुंबानेही तेच केले. पायाखालचा गालिचा उचलून पाहिला, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहिले, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला गाळाची रेघ आहे का हेही पाहिले. गाडी कोरडी आणि स्वच्छ निघाली. ही तपासणी योग्यच होती आणि ती नीट केली गेली. मात्र सगळे लक्ष आतल्या ओलीकडे लागल्यामुळे बाहेरच्या रंगाची चौकशी झाली नाही. डाव्या बाजूचे पुढचे मडगार्ड कधीतरी ठोकले जाऊन पुन्हा रंगवलेले होते. दिवसाच्या उजेडात छटा बरोबर जुळत होती, त्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

मालकाला गाडीचे रूप बदलायचे होते. त्याची पहिली इच्छा संपूर्ण गाडी लष्करी हिरव्या मॅट रंगाची करण्याची होती, आणि ती त्याला सोलता येणाऱ्या रबरी स्प्रेने पूर्ण करायची होती. हे लेप मुळात गाड्यांसाठी आलेले नाहीत. अमेरिकेत 1970 च्या दशकात पक्कड, पान्हे अशा हत्यारांच्या मुठी द्रवात बुडवून त्यांना रबरी पकड देण्यासाठी 'प्लास्टी डिप' तयार झाले. पुढे त्याचे स्प्रेचे डबे आले आणि गाड्यांची हौस असणाऱ्यांनी ते चाकांवर, जाळीवर आणि हळूहळू पूर्ण गाडीवर मारायला सुरुवात केली. लेप वाळला की त्याची लवचीक कातडी तयार होते आणि कंटाळा आला की ती सोलून खालचा मूळ रंग परत मिळतो, असे त्याचे आकर्षण आहे. मालकालाही हेच भावले होते. वडिलांना त्याने सांगितले होते, "बाबा, आवडले नाही तर काढून टाकता येते, रंगाला काही होत नाही."

पहिला प्रयत्न

मे महिन्यात मालकाने स्प्रेचे दोन डबे आणले आणि पूर्ण गाडीला हात घालण्याआधी चाचणी म्हणून बोनेट आणि डावे मडगार्ड निवडले. लष्करी हिरवा रंग त्या वेळी मिळाला नाही, म्हणून मॅट काळा घेतला. सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये, रविवारी जेवणे उरकल्यावर, त्याने काम सुरू केले.

गाडी धुतलेली होती, कडांना मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावलेले होते. एवढी तयारी चांगली होती. पण बडोद्यातील मे महिन्याची दुपार सावलीतही चाळिशीच्या घरात असते आणि गाडी नुकतीच बाहेरून आणून उभी केल्यामुळे इंजिनावरचे बोनेट हाताला चटका बसेल इतके तापलेले होते. अशा पृष्ठभागावर स्प्रे मारला की त्यातले द्रावक वाटेतच उडून जाते, थेंब अर्धवट सुकून पडतात आणि एकमेकांत मिसळून सपाट पापुद्रा धरण्याऐवजी खरखरीत कण होऊन बसतात. मालकाला वाटले की डबा लांब धरल्यामुळे असे होत आहे, तर खरे कारण पत्र्याची उष्णता हे होते.

दुसरी गोष्ट मापाची. हॅचबॅकच्या बोनेटलाच सोलता येईल इतका जाड लेप देण्यासाठी साधारण चार डबे लागतात आणि चाकाला दर चाकी एक डबा धरतात. येथे बोनेट आणि मडगार्ड मिळून दोन डब्यांत उरकले गेले. दोन हातांतच पांढरा रंग दिसेनासा झाला, म्हणून काम पूर्ण झाले असे मालकाने धरले. या लेपाच्या बाबतीत रंग झाकला जाणे आणि काम होणे यांत मोठे अंतर असते. पहिला हात जाणूनबुजून विरळ, खालचा रंग दिसेल असा द्यायचा असतो. तो पकड धरण्यासाठी असतो. त्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने भरीव, ओले हात चढवायचे असतात, आणि हे पुढचे हात रंगासाठी नसून जाडीसाठी असतात. दुधावरची पातळ साय चमच्याला लागून फाटते आणि जाड साय अख्खी उचलली जाते, तसेच या लेपाचे असते: तो काढण्याच्या दिवशी किती त्रास देणार, हे तो मारण्याच्या दिवशीच ठरते.

वासाबद्दलही येथे सांगणे आवश्यक आहे. या स्प्रेंमध्ये टोल्युईनसारखी ज्वलनशील द्रावके असतात. बंदिस्त तळघरात त्यांची वाफ जमिनीलगत साचते. मालकाच्या तोंडाला केवळ कापडी मास्क होता, जो कण अडवतो, वाफ अडवत नाही. तासाभरात त्याचे डोके दुखू लागले आणि शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर काम थांबले. तेथे दुचाक्यांची ये-जा होती, वीजमीटरांची पेटीही जवळच होती. या प्रकरणातील सर्वांत गंभीर धोका मला हाच वाटतो, जरी पुढच्या सगळ्या चर्चेत तो मागे पडला.

अडचण

तीन आठवड्यांत खरखरीत लेपात धूळ बसली आणि काळे बोनेट करडे, डागाळलेले दिसू लागले. मालकाने ते सोलायचे ठरवले. कडेला नखाने उचलल्यावर कातडी निघण्याऐवजी बोटभर तुकडे तुटून येऊ लागले. दोन तासांत बोनेटचा ताटाएवढाच भाग मोकळा झाला. मुलाची दमछाक पाहून वडिलांनी कापडावर थोडे पेट्रोल घेऊन काचेजवळची कड पुसली. पेट्रोलने हा लेप विरघळतो हे खरे, पण विरघळलेला लेप कापडावर येण्याऐवजी चिकट काळी राड होऊन पसरला आणि वायपरखालच्या दाणेदार काळ्या प्लास्टिकच्या खोबणींत शिरला.

मग मडगार्ड सोलायला घेतले आणि तेथे निराळेच घडले. चाकाच्या कमानीजवळ लेपाचा एक तुकडा चांगला मोठा, सलग निघाला. मालकाला क्षणभर बरे वाटले. तुकडा उलटा करून पाहिला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा तळहाताएवढा पोपडा चिकटलेला होता.

त्या अवस्थेत गाडी कार्यशाळेत आली. तो पोपडा मालकाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता, याचा आम्हाला फार उपयोग झाला. पोपड्याची पत्र्याकडची बाजू गुळगुळीत आणि चकचकीत होती. ती जेथून सुटली तेथे कारखान्याचा जुना पांढरा रंगही तसाच चकचकीत होता. यावरून निदान झाले. आधीच्या दुरुस्तीत रंगाऱ्याने जेथे पोचा होता तेवढाच भाग घासून पुट्टी भरली होती आणि उरलेल्या मडगार्डवर न घासताच नवा रंग उडवला होता. गुळगुळीत पृष्ठभागाला नव्या रंगाची पकड बसत नाही. तो केवळ ओढ पडेपर्यंत तेथे टिकून राहतो. रबरी लेप सोलताना ही ओढ पडली. लेप आणि वरचा रंग यांच्यातली पकड, वरचा रंग आणि खालचा रंग यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त होती, म्हणून कमकुवत जोड सुटला.

रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने पुढचा उलगडा झाला. छत, उजवे मडगार्ड आणि दोन्ही दारांवर 105 ते 130 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतकी जाडी मिळाली, जी कारखान्याच्या रंगाला शोभणारी आहे. बोनेटवर लेप निघालेल्या जागीही तेवढीच होती, म्हणजे बोनेटचा रंग मूळचा आणि भक्कम होता. डाव्या मडगार्डवर बहुतेक ठिकाणी 300 च्या पुढे आणि पुट्टीच्या जागी 600 च्या वर आकडा गेला. हे मोजमाप पाच मिनिटांचे आहे. यंत्र केवळ धातूच्या पत्र्यावर चालते, प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.

तेव्हा अडचण एक नसून दोन होत्या, आणि त्यांचे उपाय वेगवेगळे होते. बोनेटवर रंग चांगला होता आणि लेप वाईट होता. मडगार्डवर लेप बरा होता आणि रंग वाईट होता. मालकाच्या मनात मात्र दोन्हींचा दोष लेपाच्या माथी होता आणि तो सगळेच सोडून देण्याच्या बेतात होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय संपूर्ण गाडीवर, या वेळी स्प्रे गनने आणि पुरेशा जाडीचा, रबरी लेप देण्याचा होता. मालकाचा मूळ बेत हाच होता. त्यात सर्वांत आधी लष्करी हिरवा रंग बाद झाला, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. दुसरा कोणताही रंग घेतला तरी वाहनातील बदलांविषयीचे मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 आड येत होते. नोंदणी पुस्तकात रंग लिहिलेला असतो, आणि नोंदणीच्या अर्जात, म्हणजे नमुना 20 मध्ये, बॉडी, मडगार्ड आणि पुढचा भाग यांच्या रंगाची स्पष्ट विचारणा असते. वाहनात केलेला बदल उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत नसावा, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येही अधोरेखित केले आहे. लेप सोलता येतो म्हणून कायद्यात त्याला वेगळी सवलत नाही. तपासणीच्या वेळी गाडी पुस्तकातल्या रंगाशी जुळते की नाही एवढेच पाहिले जाते. रंग बदलून तो आरटीओकडे रीतसर नोंदवता येतो, पण जो लेप दोन-तीन वर्षांत काढायचाच आहे त्यासाठी दोनदा नोंद बदलणे मालकाला पटले नाही.

दुसरा पर्याय व्हिनाइल फिल्मचा, म्हणजे गाडीवर रंगीत प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटवण्याचा (रॅपिंगचा) होता. फिल्मचा पृष्ठभाग रबरापेक्षा गुळगुळीत असतो आणि ती धुणे सोपे असते. परंतु खर्च अधिक, रंगाच्या नोंदीचा प्रश्न तोच, आणि काढताना कमकुवत रंग उखडण्याचा धोकाही तोच. शिवाय ज्या चाकांची मालकाला सर्वाधिक हौस होती त्यांच्या गोलाईवर फिल्म बसवणे व्यवहार्य नव्हते.

तिसरा पर्याय वडिलांनी मांडला: सगळे काढून गाडी होती तशी पांढरी करावी आणि विषय संपवावा. तो कमी लेखण्यासारखा नव्हता. जिचे बहुतेक पत्रे अजून कारखान्याच्या रंगात आहेत अशा गाडीला विक्रीच्या वेळी मान असतो, हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

चौथा पर्याय आम्ही सुचवला आणि त्यावर बराच वेळ चर्चा झाली. गाडीचा एकत्र विचार न करता एकेका भागाचा विचार करावा, आणि प्रत्येक भागाबाबत हे पाहावे की त्याखाली काय आहे, वापरात त्याला काय काय लागणार आहे (खडी, उष्णता, पेट्रोल, माणसाची नखे), आणि हा बदल पुढे परत फिरवायचा आहे का. या कसोटीवर चाके आणि पुढच्या जाळीची क्रोमपट्टी रबरी लेपाला योग्य ठरली. क्रोमवर रंग नीट धरत नाही आणि कालांतराने त्याचे पोपडे निघतात, तर रबरी लेप पूर्ण वेढा घालून बसतो आणि हवा तेव्हा निघतो. साइड मिररच्या टोप्यांना मात्र सतत हात लागतो, पार्किंगमध्ये घासण्याचीही भीती असते. तेथे कडक, चकचकीत पक्का रंगच हवा. पेट्रोलच्या झाकणाभोवती रबर देण्यात अर्थ नाही, कारण सांडलेला पेट्रोलचा थेंब त्याला खातो. ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकामागे ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागावर) तर रबर मुळीच चालत नाही: 'प्लास्टी डिप'ची उष्णता सोसण्याची मर्यादा सुमारे 93 अंश सेल्सियस सांगितली जाते आणि ब्रेकचे भाग ती सहज ओलांडतात, म्हणून तेथे उष्णतारोधक रंग वापरतात.

मालकाची एक मागणी मागच्या दिव्यांना धुरकट काळा स्प्रे मारण्याची होती. ती आम्ही स्वीकारली नाही. ब्रेक दाबल्याचे मागच्या माणसाला उशिरा दिसणे हा रूपाचा विषय नाही.

सर्वांत कठीण निर्णय बोनेटचा झाला. मालकाला ते काळेच हवे होते, आणि खालचा रंग भक्कम असल्यामुळे तांत्रिक अडचण कोणतीच नव्हती. परंतु नोंदणीतील 'पुढचा भाग' म्हणजे हेच बोनेट. शिवाय महामार्गावर खडीचा मार त्यावरच बसतो, आणि रबरी लेपाला खड्डा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्ती लपत नाही. वडील इतका वेळ ऐकत होते; ते मुलाला म्हणाले, "अरे, गाडी आपण पांढरी घेतली आहे, ती पांढरीच दिसू दे. तुझी काय हौस असेल ती चाकांवर कर, मी आड येणार नाही." मालकाने ते मान्य केले. चाके आणि जाळी रबरात, मिररच्या टोप्या आणि पुढचे कॅलिपर रंगात, मडगार्ड पुन्हा पांढरे, आणि बाकी गाडी हात न लावता तशीच, असे ठरले.

प्रत्यक्ष काम

बोनेटवरचा पातळ लेप काढण्यासाठी त्यावरच आणखी लेप चढवला. हे ऐकून मालक गोंधळला होता, पण नवा ओला हात जुन्या रबराला मऊ करून त्याच्याशी एकजीव होतो आणि पातळ पापुद्र्याची जाड कातडी होते. सकाळी सात वाजता, पत्रा थंड असताना, तीन भरीव हात दिले आणि गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत शेडमध्ये ठेवली. मग कडेने अंगठ्याने घासत एक टोक मोकळे केले आणि दोघांनी धरून हळूहळू, पत्र्याला जवळजवळ समांतर ओढत नेले. बोनेटच्या मध्यभागाची कातडी सलग निघाली. कडांच्या दुमडीत राहिलेले अवशेष कोमट पाण्याच्या कापडाने आणि अंगठ्याने गोळ्या करून काढले. थिनर कोठेही वापरले नाही, कारण ते मूळ रंगालाही सोडत नाही. वायपरखालच्या दाणेदार प्लास्टिकमधली राड गंज सैल करण्याच्या तेलाचा फवारा आणि मऊ ब्रश यांनी बरीचशी निघाली. खोबणींत थोडा काळेपणा राहिला, पण प्लास्टिकच काळे असल्याने तो नजरेत भरत नाही.

मडगार्ड खाली, कारखान्याच्या मूळ रंगापर्यंत घासून घेतले, पुट्टीची जागा नव्याने भरली, प्रायमर दिला आणि पांढरा रंग चढवला. आठ वर्षांच्या पांढऱ्या रंगाला हलकी पिवळसर झाक आलेली असते, त्यामुळे रंगाच्या सांकेतिक क्रमांकाप्रमाणे मिसळलेला ताजा पांढरा शेजारच्या दारापाशी वेगळा दिसतो. म्हणून रंग दाराच्या पुढच्या भागावर विरळ करत नेला आणि संपूर्ण दारावर क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, दिला. त्यामुळे दाराच्या मूळ रंगावर एक थर चढला. हे मालकाला आधी सांगून, यंत्रावरचे जुने आकडे लिहून दिले होते, म्हणजे पुढे गाडी विकताना कोणी जाडी मोजली तर कारण दाखवता येईल.

मिररच्या टोप्या क्लिपा सोडवून काढल्या. त्या एबीएस प्लास्टिकच्या असतात. 800 नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून, प्लास्टिकचा प्रायमर, मग काळा रंग आणि हार्डनरचा क्लिअर कोट असा क्रम ठेवला. हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक होण्यासाठी मिसळायच्या द्रवात, आयसोसायनेट असते, जे श्वसनाला अपायकारक आहे. हे काम घरी डब्याने करण्याचे नाही, हे मालकाला मुद्दाम दाखवून दिले.

चाकांचे काम मात्र थांबवले. तोपर्यंत पावसाळा लागला होता. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि काळ्या लेपावर पांढुरकी झाक येते. कुटुंबाला गाडी गणपतीच्या आधी पूर्ण हवी होती आणि तसा आग्रहही झाला. आम्ही मिरर आणि मडगार्ड पूर्ण करून गाडी परत दिली आणि रबराचे काम दसऱ्यानंतरच्या कोरड्या दिवसांवर ठेवले.

दसऱ्यानंतर चाके उतरवून धुतली आणि ब्रेकची काळी भुकटी काढून स्पिरिटने पुसली. टायर आणि रिमच्या फटीत जुन्या पत्त्यांच्या कॅटमधली पाने एकाला एक भिडवून खोचली. मास्किंग टेपपेक्षा हे लवकर होते आणि टायरच्या कडेवर रंग उडत नाही. तीन जागा जाणूनबुजून कोऱ्या ठेवल्या. नट जेथे दाबून बसतात त्या खळग्यांत लेप गेला तर तो दाबाखाली चिरडतो आणि नट सैल पडू शकतात, म्हणून त्यांत कागदाच्या गुंडाळ्या भरल्या. रिमची मागची बाजू, जी हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला) टेकते, तीही झाकली. आणि रिमच्या आतल्या गोलाईवर रबर नेले नाही, कारण बॅलन्सिंगची, म्हणजे चाक न थरथरता फिरावे यासाठीची, चिकटणारी वजने तेथे लावतात. सोलता येणाऱ्या कातडीवर चिकटवलेले वजन कातडीसकट निघून जाते. एका विरळ हातानंतर पाच भरीव हात दिले. शेवटचा हात ओला असतानाच जाळीवरची टेप काढली. सुकल्यावर काढली असती तर कड फाटली असती. चाके बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्ह्याने आवळले आणि थोडी गाडी चालल्यावर पुन्हा तपासले.

परिणाम

दिवाळीच्या आत गाडी तयार झाली. दुरून पाहणाऱ्याला पांढरी गाडी, काळी मॅट चाके, काळी जाळी आणि चकचकीत काळे मिरर एवढेच दिसते, आणि पांढऱ्यावर ते उठून दिसते. मालक समाधानी आहे. खर्चाच्या हिशोबात मात्र मडगार्ड आणि दार यांचे काम स्प्रेच्या सर्व डब्यांपेक्षा महाग पडले.

हिवाळ्यात एक अडचण आली. पुढचा एक टायर बदलावा लागला, आणि दुकानातील यंत्राच्या पकडीने रिमच्या कडेवर तीन ठिकाणी लेप कापला गेला. दुकानदाराचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. धातूच्या पकडीखाली रबर टिकत नाहीच. मालकाने कापलेल्या जागी डब्याने फवारा मारून पाहिला, पण ठिगळ उठून दिसले. मग त्याने ते चाक घरीच, या वेळी उघड्या गच्चीवर आणि सकाळच्या वेळी, सोलले. लेप एका वेढ्यात निघाला आणि खालचा रिम नव्यासारखा होता. एका डब्यात त्याने ते पुन्हा केले आणि उरलेल्या तीन चाकांशी फरक ओळखू येत नाही. पहिल्या प्रयत्नात हातून फसलेले तंत्र त्याला आता पूर्ण आलेले आहे.

पुढच्या चाकांवर ब्रेकची भुकटी लवकर साचते आणि मॅट पृष्ठभागात ती बसते. दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने पुसावे लागते. मेण किंवा पॉलिश लावता येत नाही, कारण मॅटवर त्याचे चट्टे उमटतात. नव्या रंगाच्या मडगार्डची कड, म्हणजे जेथे पूर्वी पोपडा निघाला होता ती जागा, आम्ही काही महिन्यांनी चिकट टेप दाबून आणि झटक्याने ओढून तपासली. रंग घट्ट आहे.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच्या वेळी पुराच्या तपासणीबरोबर रंगाची जाडी मोजली असती तर मडगार्डचा प्रश्न तेव्हाच कळला असता आणि किंमत ठरवताना तो मांडता आला असता. यंत्र नसेल तर दार उघडून मडगार्डच्या आतल्या बोल्टांवर पान्ह्याच्या खुणा आहेत का आणि रबरी पट्ट्यांवर रंगाचे उडलेले थेंब आहेत का, एवढे तरी पाहावे. वर सांगितलेली टेपची चाचणी लेप देण्याआधी आडजागी करून पाहिली असती तर पोपडा टेपवर आला असता, तळहाताएवढा निघाला नसता.

चाचणीसाठी बोनेट निवडणे हा माझ्या मते मूळ प्रयत्नातील निर्णायक प्रसंग होता. चाचणी करण्याची बुद्धी योग्य होती, पण गाडीचा सर्वांत मोठा, सर्वांत तापणारा आणि सर्वांत दिसणारा पत्रा त्यासाठी घेतला गेला. सुट्या पडलेल्या जुन्या व्हील कॅपवर एक डबा संपवून, वाळवून, सोलून पाहिला असता तर जाडीचा धडा तेथेच मिळाला असता.

मिररच्या बाबतीत आमच्या कामातही एक चांगला पर्याय विचारात घेण्यासारखा होता, जो नंतर मालकानेच काढला. या टोप्या सुट्या भागांच्या दुकानात वेगळ्या मिळतात. नवी जोडी आणून ती काळी केली आणि पांढरी मूळ जोडी घरात ठेवली, तर पक्का रंगही उलटवता येण्याजोगा होतो, कारण बदल टोपीपुरता राहतो आणि टोपी दोन मिनिटांत बदलते. जेथे भाग सुटा आणि स्वस्त असेल तेथे रबरापेक्षा हा मार्ग बरा, असे मला आता वाटते. जाळीच्या क्रोमपट्टीलाही तो लागू पडेल, पण ती या गाडीत बंपरसकटच मिळते.

टायरांचा क्रमही उलटा हवा होता. पुढच्या दोन टायरांची झीज ऑक्टोबरमध्येच दिसत होती. ते आधी बदलून, बॅलन्सिंग करून, मग चाकांना लेप दिला असता तर एक चाक सोलावे लागले नसते. मागच्या टायरांना साधारण आणखी एक वर्ष आहे. ते बदलायचे ठरेल त्या आठवड्यात, दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी मागच्या दोन्ही चाकांचा लेप घरी सोलून घ्यायचा आणि नवे टायर चढल्यावर पुन्हा द्यायचा, असे मालकाने ठरवले आहे आणि त्यासाठीचे दोन डबे आणून ठेवले आहेत.